नाळेच्या रक्तातला फरक आणि पुन्हा उघडलेला पेपर

पार्श्वभूमी

ज्या बाईंबद्दल लिहितेय त्यांचं नाव, संस्था, देश काहीच देणार नाही. ज्या जीनवर हे सगळं घडलं त्याचंही नाव देत नाही, कारण तेवढ्यावरून पेपर शोधायला पाच मिनिटं पुरतात. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो, इथेही तेच म्हणते. मी त्यांच्या टीममध्ये डेटा बघायचे, त्यामुळे जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे. हे लिहायच्या आधी त्यांना विचारलंय, त्यांनी फक्त एवढंच सांगितलं की लिहिलंस तर पूर्ण लिही.

मॅडम मूळच्या बायोकेमिस्ट, पीएचडी यकृतातल्या एन्झाइम्सवर. आहार आणि जीन या विषयात त्या फॉलिक ॲसिडच्या दारातून आल्या. १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला होता. ज्या बायकांना आधी मज्जारज्जूचा दोष असलेलं बाळ झालं होतं त्यांना पुढच्या गरोदरपणाआधीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर तोच दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी कमी झालं. एक साधं व्हिटॅमिन आणि एवढा फरक. मॅडम म्हणायच्या की तो निकाल वाचला आणि डोक्यात एकच प्रश्न राहिला, हे व्हिटॅमिन पेशीच्या आत जाऊन नेमकं करतं काय.

त्या प्रश्नाचं एक उत्तर मेथिलेशनकडे जातं. आपल्या डीएनएमध्ये सी नावाचं जे अक्षर आहे त्याच्यावर मेथिल नावाची छोटीशी खूण चिकटू शकते, अक्षर बदलत नाही, फक्त खूण लागते, आणि जीनच्या सुरुवातीच्या भागात अशा खुणा भरपूर असल्या तर तो जीन सहसा गप्प बसतो. ही खूण लावायला पेशीला मेथिल लागतं आणि ते येतं एस-ॲडेनोसिलमेथिओनिन नावाच्या रेणूकडून, ज्याला लॅबमध्ये सगळे सॅम म्हणतात. सॅमने मेथिल देऊन टाकलं की मागे शेवटी होमोसिस्टीन उरतं, आणि त्याचं परत मेथिओनिन करायला फोलेट (फॉलिक ॲसिड हा त्याचाच एक प्रकार) आणि बी१२ लागतात, कोलीनपासून होणारं बीटेनही हे काम करतं. म्हणजे आपण जे खातो ते आणि डीएनएवरची खूण यांच्यामध्ये खरोखरच एक रासायनिक रस्ता आहे, कल्पना नाही. मॅडमचं अर्धं आयुष्य त्या रस्त्यावर गेलं.

त्यांच्या पिढीतल्या बहुतेकांना या विषयाची ओढ लावली ती अगूती उंदरांनी, म्हणजे केसांचा रंग ठरवणाऱ्या अगूती नावाच्या जीनचा खास प्रकार असलेल्या उंदरांनी. २००३ मध्ये वॉटरलँड आणि जर्टल यांनी दाखवलं की गाभण उंदरीणीला फॉलिक ॲसिड, बी१२, कोलीन आणि बीटेन जास्त दिलं तर तिची जास्त पिल्लं पिवळी न होता तपकिरी होतात. जीन तोच असतो, फक्त त्याच्या शेजारी घुसलेल्या डीएनएच्या एका तुकड्यावर मेथिलेशन जास्त असतं. पिवळी पिल्लं मोठी होऊन लठ्ठ होतात, त्यांना डायबेटिस होतो, तपकिरी सडसडीत राहतात. रंग डोळ्यांनी दिसतो त्यामुळे त्या फोटोची ताकद फार होती. पण अगूती हा एक खास प्रकार आहे, जीनच्या दारात आयता येऊन बसलेला तुकडा आणि त्याचं मेथिलेशन मुळातच डळमळीत. प्रत्येक जीन असा वागत नाही. हे आम्हाला माहीत होतं, पण माहीत असणं आणि ते मनात मुरणं यात बराच काळ जातो.

माणसांमधला पुरावा दोन बाजूंनी आला. १९८६ मध्ये बार्कर आणि ऑसमंड यांनी इंग्लंड आणि वेल्सच्या नोंदी घेऊन दाखवलं की ज्या भागांत पूर्वी बालमृत्यू जास्त होते तिथेच पुढे हृदयविकारही जास्त आढळतो. आणि दुसरी बाजू नेदरलँड्सची, १९४४-४५ चा उपासमारीचा हिवाळा, जेव्हा पश्चिम भागात रेशन दिवसाला १००० कॅलरीच्याही खाली गेलं होतं. त्या काळात गर्भ राहिलेल्या लोकांचं रक्त सहा दशकांनी तपासलं, प्रत्येकाची तुलना उपासमार न लागलेल्या सख्ख्या भावाबहिणीशी केली, आणि आयजीएफ२ या वाढीशी संबंधित जीनजवळ मेथिलेशन थोडं कमी सापडलं. तो पेपर २००८ चा. आमच्या लॅबच्या भिंतीवर त्यातली एक आकृती लावलेली होती.

समस्या

मॅडमनी गरोदर बायकांचा एक अभ्यास उभा केला. गरोदरपणात रक्त घेऊन फोलेट, बी१२, होमोसिस्टीन मोजायचं, आहाराची नोंद घ्यायची, आणि बाळ झालं की नाळेतलं रक्त घेऊन त्यातला डीएनए गोठवून ठेवायचा. मग त्या डीएनएवर साडेचार लाखांहून जास्त जागा एकदम वाचणारी चिप चालवायची. साडेचार लाख जागा तपासल्या आणि नेहमीची ०.०५ ची रेषा (म्हणजे शंभरात पाच वेळा योगायोग चालेल अशी) धरली तर निव्वळ योगायोगाने साडेबावीस हजार जागा 'सापडतात', म्हणून आम्ही रेषा फार कडक ठेवली होती. एका चिपवर १२ सॅम्पल्स बसतात, तर कुठलं सॅम्पल कुठल्या चिपवर जाणार तेही चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. कामात हयगय नव्हती, हे आज सगळं माहीत असूनही म्हणते.

आणि निकाल आला. ज्या आयांमध्ये ही पोषकद्रव्यं कमी होती त्यांच्या बाळांमध्ये चयापचयाशी संबंधित एका जीनजवळच्या सलग बऱ्याच जागांवर मेथिलेशन काही टक्क्यांनी कमी. दुसऱ्या पद्धतीने, पायरोसिक्वेन्सिंगने तपासलं, तिथेही तेच. पेपर चांगल्या ठिकाणी छापला गेला, त्यावर पुढची मोठी ग्रँट मिळाली, एका मुलीची पीएचडी त्याच जीनवर सुरू झाली, आणि भाग घेतलेल्या आयांना जे माहितीपत्रक गेलं त्यात लिहिलं होतं की आईचा आहार बाळाच्या जीनवर खूण सोडतो असं आम्हाला आढळलं. हे माहितीपत्रक लक्षात ठेवा.

आता घोळ कुठे होता ते सांगते. रक्त म्हणजे एकाच प्रकारची पेशी नाही, ते मिश्रण आहे. न्यूट्रोफिल, टी पेशी, बी पेशी, मोनोसाइट या सगळ्या पांढऱ्या पेशींच्या जाती, प्रत्येकीचा मेथिलेशनचा आपापला नकाशा असतो. मिश्रणाचं प्रमाण बदललं तर एकाही पेशीत काहीही न बदलता सरासरी बदलते. समजा एखाद्या जागेवर एका जातीच्या पेशींत मेथिलेशन ४० टक्के आहे आणि बाकी सगळ्यांत ८०. पहिली जात रक्तात ५ टक्के असेल तर सरासरी येते ७८, आणि १५ टक्के असेल तर ७४. चार अंकांचा फरक पडला, आणि आहाराने कुठल्याच जीनला हात लावलेला नाही. आमच्या क्षेत्रातले कितीतरी 'शोध' एवढ्याच फरकाचे असतात.

आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. २०१२ मध्ये हाउसमन यांची पद्धत आली होती, मेथिलेशनवरूनच पेशींचं प्रमाण उलटं काढायची, आणि मी स्वतः ती आमच्या डेटावर चालवली होती. पण त्या पद्धतीला जो संदर्भ लागतो, म्हणजे वेगळ्या केलेल्या प्रत्येक जातीच्या पेशींचा मेथिलेशनचा नकाशा, तो तेव्हा मोठ्या माणसांच्या रक्ताचा होता. आणि बाळाच्या नाळेच्या रक्तात अशी एक जात असते जी निरोगी मोठ्या माणसाच्या रक्तात जवळजवळ नसतेच, केंद्रक असलेल्या लाल पेशी. मोठ्या माणसाच्या लाल पेशीत केंद्रक नसतं म्हणून डीएनए नसतो. बाळाच्या काही लाल पेशींत अजून असतो, आणि त्या पेशींमध्ये बऱ्याच जागांवर मेथिलेशन कमी असतं. मोठ्यांच्या संदर्भाला ही जात ओळखूच येत नाही, त्यामुळे दुरुस्ती केली असं आम्हाला वाटलं आणि मुख्य पेशीच हिशोबात धरली गेली नाही.

पायरोसिक्वेन्सिंगने दुजोरा दिला त्यावर आम्ही फार विसंबलो, तेही इथे सांगायला हवं. तोच डीएनए, तेच मिश्रण, फक्त मोजायचं यंत्र दुसरं. त्याने एवढंच कळतं की पहिल्या यंत्राने बरोबर मोजलं होतं. आपण जे मोजतोय ते तेच आहे का हे त्यातून कधीच कळत नाही.

२०१५-१६ च्या सुमाराला नाळेच्या रक्तासाठी वेगळे संदर्भ आले, त्यात या लाल पेशी धरलेल्या होत्या. मी एका संध्याकाळी, दुसऱ्याच कामासाठी, नवा संदर्भ आमच्या जुन्या डेटावर चालवला. आमच्या जीनजवळच्या ज्या जागांवर आलेखात उंच सुळके होते ते बसले. सगळे नाही, पण बहुतेक. मी प्रोग्राम पुन्हा चालवला, वाटलं फाइल चुकीची उघडली. मग मॅडमना फोन न करता घरी गेले, सकाळी सांगितलं.

पर्याय

मॅडमनी आलेख बघितला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे प्रमाण अंदाजाने काढलेलंय ना? प्रत्यक्ष मोजलेलं नाही." बरोबरच होतं ते. नवा संदर्भही अंदाजच होता, अंदाजाच्या जोरावर छापलेला पेपर खोटा ठरवायचा का, हा रास्त प्रश्न होता.

त्या आठवड्यात जे पर्याय बोलले गेले ते असे. एक, काहीच करायचं नाही. पेपर छापला तेव्हा जी पद्धत मान्य होती तीच वापरली होती, कुणी आम्हाला अप्रामाणिक म्हणू शकलं नसतं, आणि त्या काळातले नाळेच्या रक्ताचे बरेच पेपर याच पद्धतीचे होते. आमच्या एका ज्येष्ठ सहलेखकांचं हेच म्हणणं होतं, आणि ते वाईट माणूस नाहीत, त्यांचं म्हणणं असं की विज्ञान पुढच्या पेपरने सुधारतं, मागच्याला खणत बसून नाही.

दुसरा, पुढच्या पेपरमध्ये नवा संदर्भ वापरायचा आणि जुना निकाल थोडा कमी झाला असं एका वाक्यात म्हणून टाकायचं. हा सगळ्यात सोपा होता आणि खरं सांगायचं तर मला तोच बरा वाटला होता.

तिसरा, लगेच सगळ्यांना सांगायचं, सहलेखक, जर्नल, ग्रँट देणारे. आणि चौथा म्हणजे आधी स्वतः पक्की खात्री करायची, ताज्या नाळेच्या रक्तातून पेशी वेगळ्या करून प्रत्येक जातीत फरक खरंच आहे का बघायचं, आणि मगच बोलायचं.

मॅडमनी चौथा निवडला. कारण पटण्यासारखं होतं, अर्धवट माहितीवर आरडाओरडा नको. पण त्यात एक गोष्ट लपलेली होती जी तेव्हा कुणाला जाणवली नाही, किंवा जाणवली तरी बोलली गेली नाही. ताजी सॅम्पल्स जमवायला वर्ष लागणार होतं आणि तेवढं वर्ष पीएचडीची मुलगी त्याच जीनवर प्रयोग करत राहणार होती, ग्रँटचे पैसे त्याच जीनवर खर्च होणार होते, आणि ते माहितीपत्रक नव्या आयांना जातच राहणार होतं. थांबून बघू म्हणताना आपण थांबलोय असं वाटतं, पण बाकी सगळं तर चालूच असतं.

सात महिने असे गेले. मुलीला आम्ही सांगितलं नव्हतं. तिला ते स्वतःच कळलं, तिने नवा संदर्भ वाचला आणि आमच्या डेटावर चालवून बघितला, जसा मी बघितला होता तसाच. ती मॅडमच्या खोलीत आली, हातात प्रिंटआउट, आणि म्हणाली, "मॅडम, माझं काहीतरी चुकतंय, जरा बघाल का?" तिला वाटत होतं चूक तिची आहे. मॅडम तिला म्हणाल्या, "तुझं काही चुकलेलं नाही. आम्हाला हे सात महिन्यांपासून माहितीये." मी त्याच खोलीत होते. त्या मुलीचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. ती रागावली नाही, तिने फक्त विचारलं की मग मी हे सात महिने काय करत होते.

काय केलं

त्याच दिवशी दुपारी मॅडमनी सगळ्या सहलेखकांना मेल केला. लांबलचक नव्हता, काय दिसलं, कशामुळे शंका आहे, काय तपासणार, आणि जर्नलला कळवणार आहे, ज्यांना हरकत असेल त्यांनी बोलावं. ज्येष्ठ सहलेखकांचा फोन आला, बराच वेळ चालला, ते शेवटपर्यंत राजी नव्हते पण आडवे आले नाहीत. पुढच्या आठवड्यात जर्नलला आणि ग्रँट देणाऱ्यांना पत्र गेलं.

आता प्रत्यक्ष मोजणी. अंदाजावरचा वाद अंदाजाने मिटणार नव्हता, खऱ्या पेशी मोजायला हव्या होत्या, आणि जुन्या बाळांचं रक्त तर उरलं नव्हतं, नुसता डीएनए होता. इथे मदत अशा ठिकाणाहून आली जिथे आम्ही कधी बघितलंच नव्हतं. ज्या हॉस्पिटलमधून सॅम्पल्स यायची तिथल्या रक्त तपासणीच्या टेक्निशियन काकांनी त्यांच्या सवयीप्रमाणे बऱ्याच बाळांच्या नाळेच्या रक्ताचे स्मिअर, म्हणजे रक्ताच्या थेंबाचा पातळ थर, काचेवर करून, रंगवून, लाकडी खोक्यात नीट लावून ठेवलेले होते. अभ्यासात ते मागितलेलेच नव्हते. मॅडम चौकशी करायला गेल्या तर काका म्हणाले, "कधी ना कधी कुणीतरी विचारेल म्हणून ठेवल्या."

मी आणि ती मुलगी, दोघींनी मिळून त्या काचा मोजल्या. आधी प्रत्येक काचेच्या नंबरवर कागदी टेप लावला, कुठलं बाळ कुठल्या आईचं हे कळू नये म्हणून, आणि प्रत्येक काच दोघींनी वेगवेगळी मोजायची, आकडे जुळले नाहीत तर काका तिसऱ्यांदा बघणार. शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि तेवढ्यात केंद्रकवाल्या लाल पेशी किती दिसतात ते लिहायचं. ती पेशी एकदा ओळखता आली की मग चुकत नाही, केंद्रक छोटं, गोल, गडद, शाईचा थेंब पडल्यासारखं, आणि भोवती करडा-गुलाबी रंग. सुरुवातीला मी लिम्फोसाइटला (टी आणि बी पेशी ज्यात येतात ती पांढरी पेशी) तीच समजायचे. हातात मोजणीचं क्लिकर, डोळा मायक्रोस्कोपला, काही काचांवर शंभरात दोनतीन, आणि मग एखादी काच अशी यायची की क्लिकर थांबायचंच नाही. अशी काच आली की आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो, बोलायचो नाही, कारण बोलायचं नाही असं ठरलं होतं. टेप काढल्यावर बघितलं तर त्या काचा बहुतेक त्याच आयांच्या होत्या ज्यांचं पोषण कमी होतं.

मोजलेलं प्रमाण घालून गणित पुन्हा केलं आणि जीनजवळचा फरक जवळजवळ सगळा त्यातच मुरला.

ताज्या सॅम्पल्सचं कामही सोडलं नाही. नाळेचं रक्त काही तासांत हाताळावं लागतं, बाळं घड्याळ बघून येत नाहीत, त्यामुळे रात्री-अपरात्री फोन. पहिल्या फेरीत टी पेशी वेगळ्या केल्या आणि त्यातही तोच जुना फरक थोडा दिसला, क्षणभर वाटलं की अरे, मूळ निकाल खरा होता की काय. मग कळलं की केंद्रकवाल्या लाल पेशी लिम्फोसाइटला चिकटून येतात आणि वेगळं करायच्या नेहमीच्या पद्धतीत त्या सोबतच गोळा होतात. लाल पेशींच्या पृष्ठभागावरचं ओळखीचं प्रथिन, सीडी२३५ए, वापरून त्या बाहेर काढल्या आणि टी पेशींमधलाही फरक बसला. दोनतीन जागांवर अगदी बारीक फरक उरला, तो खरा असेलही, पण त्यावर कुणाचा आजार ठरेल एवढा तो नव्हता.

शेवटी काय झालं

जर्नलने पेपर मागे घेतला नाही, सविस्तर दुरुस्ती छापली, त्यात काचांची मोजणीही आहे. ग्रँट देणाऱ्यांनी रक्कम कमी केली आणि योजना बदलायला लावली, मॅडमचं प्रमोशन लांबलं, एका कंपनीशी सप्लिमेंटच्या चाचणीची जी बोलणी चालली होती ती थांबली. ज्येष्ठ सहलेखकांनी पुढे आमच्याबरोबर काम केलं नाही. कॉन्फरन्समध्ये काही लोक येऊन मॅडमचा हात हातात घेऊन बोलायचे आणि काही लांबूनच निघून जायचे, दोन्ही मी बघितलंय.

पीएचडीचा विषय बदलला आणि माझ्या मते सगळ्यात चांगली गोष्ट तिथेच घडली. मुलीने प्रश्नच उलटा केला. पोषण कमी असलेल्या आयांच्या बाळांमध्ये या लाल पेशी जास्त का आहेत? गर्भाला ऑक्सिजन कमी पडला किंवा त्याची वाढ नीट होत नसली की अशा पेशी रक्तात वाढतात हे डॉक्टरांना माहीत आहे. म्हणजे आम्ही जिला गडबड समजत होतो, जी धुऊन काढायची म्हणून गणितं करत होतो, ती स्वतःच एक बातमी होती. बाळाला पोटात असताना काहीतरी त्रास होता हे ती सांगत होती. आईचं रक्त, तिचं लोह, नाळेची अवस्था हे सगळं परत नीट बघायला लागलं. तिचा प्रबंध त्याच्यावर झाला आणि काकांचं नाव लेखकांमध्ये आलं.

मॅडमनी नंतरचा अभ्यास नव्याने बांधला. आता सॅम्पल घेतानाच पेशी मोजल्या जातात, काच प्रत्येकाची केली जाते, आणि नुसतं निरीक्षण न करता चिठ्ठ्या टाकून गट पाडून पोषकद्रव्यं दिली जातात, कारण ज्या आईला एक गोष्ट कमी पडते तिला सहसा इतरही दहा गोष्टी कमी पडत असतात आणि त्यातली कुठली काय करते हे नुसतं बघून वेगळं काढता येत नाही. क्षेत्रातही एव्हाना असे प्रश्न जोरात विचारले जायला लागले होते. लठ्ठपणा आणि मेथिलेशन यांच्याबद्दल २०१७ मध्ये मोठा अभ्यास आला त्यात दिसलं की रक्तातले बहुतेक फरक लठ्ठपणाचे परिणाम आहेत, कारण नाहीत. बाण आपल्याला वाटतो त्याच्या उलट दिशेला असू शकतो.

एक गैरसमज नको म्हणून सांगते. यातलं काहीही फॉलिक ॲसिडच्या विरोधात जात नाही. मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते, कित्येकींना तोवर गर्भ आहे हेही कळलेलं नसतं, म्हणून ते आधीपासून घ्यायचं, आणि तो फायदा चाचण्यांनी सिद्ध झालेला आहे, मग त्याचा रस्ता मेथिलेशनचा असो वा नसो. आणि आहाराने जीनवर खुणा बदलतच नाहीत असंही मी म्हणत नाहीये. गॅम्बियामध्ये पावसाळ्यात आणि कोरड्या ऋतूत गर्भ राहिलेल्या मुलांमध्ये काही ठरावीक जागांवर फरक सापडलाय, तिथे आईचा आहार ऋतूप्रमाणे बदलतो, आणि त्या जागा अशा आहेत ज्यांचं मेथिलेशन शरीरातल्या वेगवेगळ्या पेशींत सारखंच ठरतं, त्यामुळे मिश्रणाचा प्रश्न तिथे खूप कमी होतो. प्रश्न खरा आहे. आमचं उत्तर चुकलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट तांत्रिक. अभ्यास सुरू करताना प्रत्येक बाळाची एक काच आणि पेशींची साधी मोजणी, एवढं जरी लिहून ठेवलं असतं तर पुढचं बरंचसं टळलं असतं. महागडी चिप चालवायच्या आधी स्वस्तातली मोजणी करायला हवी होती. काकांना पहिल्याच मीटिंगला बोलावलं असतं तर त्यांनी ते सांगितलंच असतं, नाळेच्या रक्तात काय काय असतं हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नाही कारण ते आमच्या लेखी सॅम्पल पाठवणारे होते.

दुसरी, मी. मला त्या संध्याकाळी आलेख दिसला आणि मी मॅडमना सांगितलं हे ठीक, पण त्यानंतर मी गप्प राहिले. मुलीला सांगूया असं मी एकदाही म्हटलं नाही. माझं म्हणणं होतं की निर्णय मॅडमचा. पण आकडे माझ्या हातात होते, आणि ती रोज माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची.

खात्री करून मगच बोलायचं हा निर्णय मी आजही पूर्ण चुकीचा म्हणणार नाही. जगाला सांगायला खात्री हवीच, पण ज्यांचं काम त्या निकालावर उभं आहे त्यांना सांगायला शंका पुरेशी असते, आणि या दोन गोष्टी आम्ही एकच समजून बसलो. शंका आली त्याच आठवड्यात मुलीला, सहलेखकांना आणि ग्रँट देणाऱ्यांना एवढं कळवता आलं असतं की एक प्रश्न निघालाय, तपासतोय, तोवर या जीनवर नवं काही सुरू करू नका. मॅडम स्वतः हे मान्य करतात. त्यांचं म्हणणं, त्या सात महिन्यांत त्या रोज स्वतःला सांगत होत्या की मी काळजीपूर्वक वागतेय, आणि त्यातलं किती काळजीपूर्वक होतं आणि किती भीती होती हे त्यांना आजही वेगळं करता येत नाही.

आणि माहितीपत्रक. जर्नलला पत्र गेलं, ग्रँटला गेलं, सहलेखकांना गेलं, पण ज्या बायकांनी रक्त दिलं होतं त्यांना कळवायला आम्हाला आणखी वर्ष लागलं. एथिक्स समितीची परवानगी, मजकूर कोण लिहिणार, पत्ते बदललेले, अशी कारणं होती, सगळी खरी. शेवटी पत्रं गेली आणि सोबत एक फोन नंबर दिला, काही विचारायचं असेल तर. तो फोन काही दिवस माझ्याकडे होता.

एका आईचा फोन आला. मूल आता शाळेत जायला लागलं होतं. तिने पत्र नीट वाचलं होतं, पेशींचं वगैरे तिला फारसं जाणून घ्यायचं नव्हतं. म्हणाली, "ताई, तेव्हा मला खूप उलट्या व्हायच्या, काही पोटात राहायचंच नाही. तुमचा तो कागद आल्यापासून तो आजारी पडला की मला वाटायचं माझ्यामुळेच. तर आता तसं नाही का?"

मी म्हटलं, "नाही, आम्ही जे लिहिलं होतं ते चुकीचं होतं." ती म्हणाली, "पक्कं ना?" मी तिला जेवढं पक्कं सांगता येत होतं तेवढं सांगितलं, लाल पेशींचं, काचांचं, सगळं, जवळजवळ अर्धा तास. ठेवताना तिने विचारलं की हे पत्र तिच्या सासूबाईंना दाखवलं तर चालेल का.